विषाणूग्रस्त झाडांचं कंपोस्ट: ढीग तापला तरच उपयोग

बोकडलेली, म्हणजे विषाणूमुळे पानं आकसलेली झाडं उपटण्याआधी त्यांच्यावरच्या, विषाणू पसरवणाऱ्या पांढऱ्या माशी-माव्याचा बंदोबस्त करा. नाहीतर झाड हलताच माशी उडून शेजारच्या निरोगी रोपांवर बसते. उपटलेलं झाकून न्या, बोटभर तुकडे करा.

ढीग किमान 1 मीटर लांब, रुंद, उंच हवा. त्याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. हिरव्या काड्यांत ताजं शेण आणि सुका पाला मिसळा. मूठभर माल घट्ट दाबल्यावर एक-दोनच थेंब गळावेत. धार लागली तर हवा कोंडते, ढीग आंबूस वास मारतो आणि थंड पडतो.

थर्मामीटर मधोमध खुपसा. 55 ते 65 अंश सेल्सिअस टिकायला हवं. पंधरा दिवसांत पाच वेळा पलटी द्या, दर वेळी कडेचा माल आत. कडा थंडच राहतात, आणि बहुतेक जण इथेच चुकतात.

टोमॅटो-मिरचीवरचा तंबाखू मोझॅक विषाणू आणि त्याचे भाऊबंद मात्र चिवट. एवढ्या उष्णतेलाही ते पुरते मरत नाहीत. तो माल ढिगात घालूच नका. कच्च्या मालाचं फावडं तयार खताला लावू नका.