पावसाळ्यात कुत्र्याच्या नाकाला काम द्या

मुसळधार पावसामुळे फेरी हुकली की कुत्रा चपला कुरतडतो, विनाकारण भुंकतो. त्याला त्या वेळी हवं असतं हुंगायला काहीतरी. जुना टॉवेल जमिनीवर पसरा, त्यावर त्याच्या रोजच्या खाण्यातले दाणे किंवा उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे विखरा आणि टॉवेलची सैल गुंडाळी करा. पहिल्यांदा हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर करा, म्हणजे खेळ कळतो. मग तो नाकाने घडी उचकटतो, पंजाने टॉवेल दाबून धरतो, फुसफुस आवाज करत एकेक दाणा शोधतो. सरावला की गुंडाळीला सैल गाठ मारा. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. त्यानंतर बहुतेक कुत्री स्वतःहून आडवी होतात.

हे खाणं रोजच्या जेवणातूनच वजा करा. मनुका, चॉकलेट, कांदा चुकूनही नको. मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. घरात दोन कुत्री असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत खेळवा, नाहीतर भांडणं ठरलेली. आणि खेळ चालू असताना तिथेच बसा: कापड चावून गिळायला लागला तर टॉवेल लगेच काढून घ्या, कारण चिंधी आतड्यात अडकू शकते. अशा कुत्र्यासाठी टॉवेलपेक्षा स्टीलच्या पसरट ताटात मोठे चेंडू ठेवून त्यांखाली दाणे लपवणं बरं.