जुना मॅकिंटॉश क्लासिक हाती लागलाय? आधी प्लग लावू नका

आमच्या कोल्हापुरात जुन्या छापखान्यांच्या माळ्यावर अजूनही एखादा मॅकिंटॉश क्लासिक, म्हणजे ॲपलचा जुना छोटा कॉम्प्युटर, सापडतो, आणि सापडला की हात शिवशिवतात बटण दाबायला. तेवढं मात्र करू नका भावांनो. मशीन 1990 चं आहे.

पहिलं, मागचं लेबल वाचा, 110 व्होल्ट असेल तर आपल्या 230 वर थेट लावायचं नाही, स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो.

मग उघडायचं. चार टॉर्क्स टी-15 (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू, त्यातले दोन वरच्या हँडलच्या खोबणीत इतके खोल की साधा पाना पोचतच नाही, मी उद्यमनगरातून लांब दांडीचा करून घेतला. मागचं झाकण सरळ ओढा, पिक्चर ट्यूबची मान काचेची आहे, धक्का लागला तर संपलं. ट्यूबच्या रबरी टोपीला हात लावू नका, तिथं हाय व्होल्टेज साठून राहतं, सवय नसेल तर जुन्या टीव्ही रिपेअरवाल्याला सोबत घ्या.

बॅटरी लगेच काढून टाका, 3.6 व्होल्टची छोटीशी असते पण फुटली की बोर्ड खाते. त्यानंतर गोल चांदीसारखे कपॅसिटर बघा, बाजूचं सोल्डर काळवंडलं असेल तर गळती झालीये, स्क्रीनवर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी येते ती बहुतेक वेळा ह्याचमुळं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं धुवा, पूर्ण वाळवा, पावसाळ्यात तर दोन दिवस जास्तच, आणि कपॅसिटर बदला. टँटलम जातीचे कपॅसिटर घालत असाल तर लक्ष द्या, जुन्यावरची काळी खूण मायनसची, टँटलमवरची पट्टी प्लसची, उलटं बसलं की जळतं.

आता चालू करताना कीबोर्डवरची कमांड, ऑप्शन, एक्स आणि ओ एकत्र दाबून धरा, सिस्टम 6.0.3 (मॅकची ऑपरेटिंग सिस्टम) थेट रॉममधून, म्हणजे बोर्डावरच्या कायमच्या चिपमधून, सुरू होते, हार्ड डिस्क मेलेली असली तरी! मला हे फार आवडतं. नंतर ब्लूस्कझी (एसडी कार्डाला हार्ड डिस्कसारखं चालवणारं छोटं बोर्ड) आणि एसडी कार्ड लावा, रॅम 4 एमबी करा, त्यापुढं ती जात नाही, आणि सिस्टम 6.0.8 टाका, सिस्टम सातपेक्षा हलकी चालते.

एवढा खटाटोप कशाला, तर फ्लॉपींसाठी. मॅकच्या 800 के फ्लॉपी हल्लीच्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हला वाचता येत नाहीत, क्लासिक वाचतो. आधी ड्राइव्हचं घट्ट झालेलं ग्रीस काढून नवं लावा, नाहीतर फ्लॉपी बाहेर टाकणारा गिअर तुटतो. मग एकेक फ्लॉपी कार्डावर कॉपी करा, पहिली बिनकामाचीच घाला.