लिनक्स ड्रायव्हर: रीबूटनंतर 'आयआरक्यू 16: नोबडी केअर्ड'

लक्षण असं: मशीन पूर्ण बंद करून चालू केलं की पीसीआय कार्ड नीट चालायचं. नुसतं रीबूट केलं की ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) लोड होताच वरचा संदेश यायचा, म्हणजे 16 नंबरच्या लाइनवर आलेल्या इंटरप्टची (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेल्या हाकेची) कुणीच दखल घेतली नाही. त्याच लाइनवरचा यूएसबी कीबोर्डही अडकायचा. अक्षरशः डोकं फिरायची वेळ आली होती.

'आयआरक्यूपोल' हा कर्नलचा बूट पर्याय लावून मशीन चाललं, पण रखडत. प्रोबमध्ये (कार्ड सापडल्यावर ड्रायव्हरचं जे फंक्शन ते सुरू करतं) डिले वाढवून काहीच फरक पडला नाही.

खरं कारण: रीबूटमध्ये कार्डाची वीज जात नाही, त्यामुळे जुना इंटरप्ट उभाच राहतो. हँडलर (इंटरप्ट आला की चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) नोंदवताच तो येऊन धडकतो. रिंग बफर (कार्ड आणि ड्रायव्हर डेटा देवघेव करतात ती मेमरी) तयार नसल्याने आमचा हँडलर 'माझा नाही' म्हणतो. 1,00,000 पैकी 99,900 हून जास्त असे बेवारस निघाले की कर्नल ती लाइनच बंद करतो.

प्रोबमध्ये हा क्रम लावला:

आधी पीसीआय_इनेबल_डिव्हाइस, मग रिजन राखून बार (कार्डाच्या रजिस्टरांचा पत्ता-भाग) मॅप. लगेच इंटरप्ट मास्क रजिस्टरमध्ये लिहून कार्डाचे सगळे इंटरप्ट बंद, आणि तेच रजिस्टर परत वाचायचं. हे वाचन गाळू नका. पीसीआयवरचं लेखन वाटेत थांबू शकतं, वाचन केलं की ते आधी कार्डापर्यंत पोहोचतं. मग रीसेट, रीसेट बिट उतरेपर्यंत थांबा (वेळमर्यादा घालून), पुन्हा मास्क, स्टेटस साफ. मग डीएमए मास्क (कार्ड थेट किती मेमरी गाठू शकतं ते), रिंग बफर, पीसीआय_सेट_मास्टर (कार्डाला स्वतःहून मेमरी वापरायची परवानगी). त्यानंतर रिक्वेस्ट_आयआरक्यू, म्हणजे हँडलरची नोंदणी. इंटरप्टचा मास्क सगळ्यात शेवटी उघडायचा.

शटडाउन कॉलबॅकमध्येही इंटरप्ट मास्क आणि पीसीआय_क्लिअर_मास्टर टाकलं, म्हणजे केएक्झेकने (चालू कर्नलमधूनच थेट नवा कर्नल सुरू करण्याची सोय) चढणाऱ्या पुढच्या कर्नलला कार्ड शांत मिळतं.