खाडीकाठचा कचरा मोजताय? या चुका टाळा

नवी मुंबईतलं वाशी, सारसोळे, दिवाळे, ऐरोली. खाडीकाठी स्वच्छता मोहीम झाली की गोण्या मोजल्या जातात, आणि पुढच्या वेळी गोण्या कमी भरल्या की कचरा घटला असं सगळे धरून चालतात. पण त्या दिवशी माणसंच कमी आली असतील तर? मोहिमेला गोण्या पुरतात, सर्वेक्षणाला नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रविवार बघून तारीख ठरवणं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती तिवरांच्या आत पार वरपर्यंत चढते आणि कचरा तिथेच टाकून जाते. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, पाणी तेवढं येत नाही. त्यामुळे अमावास्येनंतरची मोजणी आणि अष्टमीनंतरची मोजणी शेजारी ठेवून काहीच कळत नाही. तिथी ठरवा, समजा पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस, आणि भरतीचा तक्ता बघून ओहोटीला उतरा. वार बदलेल, स्वयंसेवक कुरकुरतील. कुरकुरू द्या. कोळीवाड्यात हे गणित कुणालाही तोंडपाठ असतं, सुरुवातीला त्यांनाच विचारा.

दुसरी चूक जागेची. जिथे ढीग दिसतो तिथे पट्टा आखायचा मोह होतो. युरोपातल्या ओस्पार या समुद्र-संरक्षण कराराच्या पद्धतीत १०० मीटरचा ठरलेला पट्टा वर्षातून चार वेळा मोजतात. चिखलात १०० मीटर झेपत नसेल तर छोटा घ्या, पण दोन्ही टोकांचं जीपीएस नोंदवा आणि नंतर तो हलवू नका.

मोजलेला कचरा उचलायचा की तसाच ठेवायचा, हेही आधीच ठरवा. उचलला तर पुढच्या खेपेला मधल्या काळात नव्याने आलेला कचरा मोजता. ठेवला तर साचलेला. एकदा हे, एकदा ते केलं की आकडे वाया. मध्ये पालिकेची सफाई झाली किंवा भंगारवाल्यांनी बाटल्या नेल्या, तर तेही लिहा. विसर्जनानंतरच्या फेरीवर तशी खूण करा.

वजनावर भिस्त ठेवू नका. चिखलाने भरलेली एक चादर शेकडो स्ट्रॉंना भारी पडते. नग मोजा. तुकडे किती लहान मोजायचे ते ठरलेलं असू दे. अमेरिकेतल्या नोआ या समुद्र आणि हवामान संस्थेच्या पद्धतीत ही मर्यादा २.५ सेंमी आहे.

आणि काही सापडलं नाही तर रकाना कोरा ठेवू नका, शून्य लिहा. १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ आणि प्लॅस्टिकच्या चमच्यांवर बंदी आहे. कोऱ्या रकान्यावरून ते सापडले नाहीत की कुणी पाहिलेच नाहीत, हे वर्षभराने कुणालाच सांगता येणार नाही.