क्लासविना सीईटीची तयारी

सांगलीच्या वालचंद किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश हवा असलेल्या, पण क्लास न लावलेल्या विद्यार्थ्याने एमएचटी-सीईटीच्या अभ्यासाची सुरुवात गुणविभागणी पाहून करावी. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २, म्हणजे २०० पैकी १०० गुण आणि ९० मिनिटे असतात. म्हणून दिवसातला सर्वांत ताजा वेळ गणितालाच द्यावा आणि उदाहरणे घड्याळ लावून सोडवावीत. चुकलेले उदाहरण वेगळ्या वहीत उतरवून, उत्तर न पाहता, आठवड्याने पुन्हा सोडवावे. माझ्या मते स्वयंअध्ययनाचा खरा कस इथेच लागतो. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासाठी राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके बारकाईने वाचावीत. सुमारे २० टक्के भार असलेली अकरावीची नेमून दिलेली प्रकरणे वगळू नयेत. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नसल्याने एकही प्रश्न सोडू नये.