कार्यालयाचे नूतनीकरण : टेबले मोजण्याआधी काम पाहा, आणि या चुका टाळा

नव्या किंवा नूतनीकरण केलेल्या कार्यालयात कामकाज सुरू झाले की महिन्या-दोन महिन्यांत तक्रारी येऊ लागतात आणि त्या बहुधा सारख्याच असतात. मीटिंग रूम कधीच मोकळी मिळत नाही, शेजारच्याचा फोन नको असताना कानावर पडतो, खिडकीलगतचे लोक भर दिवसा पडदे ओढून दिवे लावतात आणि आतल्या बाजूला बसणारे स्वेटर घालून काम करतात. याचे खापर सहसा फर्निचरवर नाहीतर कंत्राटदारावर फुटते. वास्तविक यांतील बहुतेक तक्रारींचे मूळ त्याही आधीच्या टप्प्यात असते, कारण संस्थेत काम प्रत्यक्षात कसे चालते हे पाहण्याआधीच लेआउट मंजूर झालेला असतो.

माणसे मोजली, काम पाहिले नाही

कर्मचाऱ्यांचा आकडा हातात घेऊन उपलब्ध क्षेत्रफळाला त्याने भागायचे आणि येईल त्या मापाचे वर्कस्टेशन सर्वांना द्यायचे, ही सर्वांत जुनी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. लेखा विभागातील व्यक्ती दिवसाचा बराचसा वेळ एकाच जागी, दोन स्क्रीन आणि कागदपत्रांच्या फायलींसमोर बसून काढते. विक्री विभागातील व्यक्तीची खुर्ची मात्र दुपारभर रिकामी असते. दोघांना एकच माप दिले की एकाची कुचंबणा होते आणि दुसऱ्याची जागा वाया जाते.

ब्रिटिश वास्तुरचनाकार फ्रान्सिस डफी यांनी १९९० च्या दशकात यासाठी एक उपयुक्त मांडणी केली. कामात परस्परसंवाद किती लागतो आणि काम केव्हा, कसे करायचे हे ठरवण्याची मुभा व्यक्तीला किती आहे, या दोन प्रश्नांवर त्यांनी कार्यालयीन कामाचे चार प्रकार पाडले. संवाद कमी आणि मुभाही कमी असलेल्या कामाला रांगेतली टेबले चालतात; संवाद कमी पण मुभा जास्त असलेल्याला बंद खोली लागते; संवाद जास्त पण मुभा कमी असलेल्या गटाला एकत्र बसण्याची जागा हवी; आणि दोन्ही जास्त असतील तर निरनिराळ्या प्रकारच्या जागा सामाईक वापरता येतात. एकाच संस्थेत हे चारही प्रकार आढळतात, म्हणून विभागवार विचार करणे अटळ आहे.

प्रत्यक्ष पाहणीसाठी फार खर्च येत नाही. किमान दोन आठवडे, दिवसातून ठरावीक वेळी कार्यालयात फेरी मारून प्रत्येक जागेची नोंद तीन प्रकारांत करावी : व्यक्ती बसलेली, व्यक्ती नाही पण सामान ठेवलेले, आणि पूर्ण रिकामी. मधल्या प्रकाराची नोंद वेगळी ठेवणे महत्त्वाचे आहे. बैठकीसाठी तासभर उठलेल्या माणसाची जागा रिकामी धरली, तर सामाईक टेबलांचा हिशेब पुढे हमखास कोलमडतो. महिनाअखेरीसारखे गर्दीचे दिवस या पाहणीतून वगळू नयेत.

मीटिंग रूमच्या तक्रारीचे निदानही याच नोंदवहीतून होते. खोली किती वेळा आरक्षित झाली यापेक्षा आत किती जण बसले होते, हे पाहावे. बारा जणांच्या खोलीत तिघे बसलेले वारंवार दिसत असतील, तर खोल्या कमी आहेत असा निष्कर्ष काढू नये. त्यांची मापे चुकली आहेत. बांधकाम होऊन गेले असेल तर निदान एवढे करता येते की, आरक्षण करूनही दहा मिनिटांत कोणी आले नाही तर खोली आपोआप मोकळी व्हावी. मोठ्या खोलीचे दोन भाग करण्याचा मोह होतो, पण त्याआधी पुढील वायुवीजनाचा भाग जरूर वाचावा.

रूप उचलले, कारण सोडले

मोकळ्या आराखड्याचा, म्हणजे भिंती आणि केबिन नसलेल्या कार्यालयाचा (ओपन प्लॅन), इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हॅम्बुर्गजवळच्या क्विकबॉर्न येथील श्नेले बंधूंच्या चमूने ‘ब्यूरोलांडशाफ्ट’ (जर्मन शब्द, अर्थ ‘कार्यालयीन भूदृश्य’) ही कल्पना पुढे आणली, तेव्हा कागद कोणाकडून कोणाकडे जातो आणि कोण कोणाशी बोलतो याचा अभ्यास करून मगच टेबलांची मांडणी केली जात असे. पुढे अनेकांनी त्यातला अभ्यास वगळून केवळ भिंती काढण्याचे तंत्र उचलले. १९६८ मध्ये बाजारात आलेल्या अमेरिकी रचनाकार रॉबर्ट प्रॉप्स्ट यांच्या ‘अ‍ॅक्शन ऑफिस’ या कार्यालयीन फर्निचर-प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीचीही अशीच गत झाली, कामानुसार हव्या त्या कोनात मांडता यावेत म्हणून बनवलेले पॅनेल काटकोनात दाटीवाटीने लावून त्यांचे क्युबिकल, म्हणजे चौकोनी खोपटी, करण्यात आले.

भिंती काढल्या की लोक आपोआप एकमेकांशी बोलू लागतील, हा समजही तपासून घ्यावा. ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांनी दोन कंपन्यांच्या मुख्यालयांत, मोकळा आराखडा येण्यापूर्वी आणि आल्यानंतर, अंगावरील सेन्सरच्या साहाय्याने मोजणी केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार समोरासमोरचा संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि ईमेल व संदेश वाढले. सतत नजरेसमोर असलेला माणूस कानात हेडफोन घालून स्वतःची भिंत उभी करतो, हे कोणत्याही मोकळ्या कार्यालयात दिसते. संवाद हवा असेल तर अंतर पाहावे. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातील टॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की, दोन व्यक्तींच्या बसण्याच्या जागांतील अंतर वाढत जाते तसा त्यांच्यातील नियमित संवाद झपाट्याने घटतो आणि सुमारे ५० मीटरपुढे तो नगण्य उरतो. रोज एकमेकांची गरज लागणारे दोन विभाग मजल्याच्या दोन टोकांना बसवून मध्ये सुंदर कॉफी कॉर्नर करण्याला फारसा अर्थ नाही.

काचेची केबिन, उघडे बोलणे

व्यवस्थापकाच्या केबिनमधले बोलणे बाहेर स्पष्ट ऐकू येते, ही तक्रार आली की जाड काच बसवण्याचा सल्ला मिळतो, आणि तो बहुतेक वेळा वाया जातो. अशा वेळी शिडी लावून पार्टिशनच्या वरची फॉल्स सीलिंगची एक टाइल उचलावी आणि विजेरीच्या प्रकाशात आत पाहावे. पुष्कळदा असे दिसते की पार्टिशन टाइलच्या पातळीवरच संपले आहे आणि वरच्या स्लॅबपर्यंतची पोकळी या खोलीतून त्या खोलीत सलग मोकळी आहे. आवाज हलकी टाइल ओलांडून वर जातो आणि पलीकडे उतरतो. काच कितीही जाड असली तरी या वाटेवर तिचा काहीच अंमल नसतो.

खरा उपाय म्हणजे पार्टिशन स्लॅबपर्यंत नेणे. चालू कार्यालयात ते शक्य नसेल तर पार्टिशनच्या बरोबर वर, पोकळीत, जिप्सम बोर्ड आणि खनिज लोकरीचा अडथळा उभा करावा आणि केबल व पाइप जातात तेथील फटी बुजवाव्यात. मात्र वातानुकूलन यंत्रणेकडे परतणारी हवा याच पोकळीतून जात असेल, तर ती वाट बंद करून चालत नाही. आतून ध्वनिशोषक अस्तर लावलेला डक्टचा वळणदार तुकडा त्या अडथळ्यातून काढावा लागतो. त्यानंतर दाराखालची फट पाहावी. दार बंद होताच खाली उतरणारी पट्टी बसवली, तर जाणवण्याइतका फरक पडतो.

येथे एक गोंधळ नेहमी होतो. भिंतीवर लावलेले फेल्टचे किंवा फोमचे पॅनेल खोलीतला प्रतिध्वनी कमी करतात, पण खोलीतला आवाज बाहेर जाण्यापासून अडवत नाहीत. शोषण आणि अडथळा ही दोन वेगळी कामे आहेत. मोकळ्या मजल्यावर गलका असेल तर छत, गालिचा आणि टेबलांमधील पडदे यांतून शोषण वाढवावे. गोपनीयता हवी असेल तर वजनदार आणि विनाफट अडथळाच लागतो.

भिंत हलली, हवा तिथेच राहिली

नूतनीकरणात पार्टिशन हलते, पण त्यावरचे डिफ्यूझर (छतातून थंड हवा खोलीत सोडणाऱ्या जाळ्या) आणि थर्मोस्टॅट (तापमान नियंत्रक) जुन्याच जागी राहतात. परिणामी एका केबिनला दोन डिफ्यूझर मिळतात आणि शेजारच्या खोलीला एकही नाही. किंवा थर्मोस्टॅट एका खोलीत असतो आणि तो ज्याचे नियंत्रण करतो ती हवा दुसरीकडे पडते. कोणी थंडीने आणि कोणी उकाड्याने त्रासले असेल, तर यंत्राची क्षमता वाढवण्याआधी हा नकाशा तपासावा.

बंद मीटिंग रूममध्ये अर्ध्या तासाने डोके जड होत असेल, तर छोटा कार्बन डायऑक्साइड मीटर तेथे ठेवून पाहावा. बाहेरच्या हवेत हे प्रमाण सध्या दशलक्ष भागांत ४२० च्या आसपास असते. खोलीत ते सतत १,००० च्या वर जात असेल, तर ताजी हवा कमी पडते आहे असे समजावे. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो, हे येथे अनेकांच्या लक्षात येत नाही. तापमान आणखी खाली आणून हा त्रास जात नाही.

नवी भिंत घातली की त्या खोलीपुरते स्प्रिंकलर आणि स्मोक डिटेक्टरही नव्याने पाहावे लागतात, कारण भिंतीआड गेलेल्या कोपऱ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही आणि धूरही डिटेक्टरपर्यंत उशिरा जातो. या बाबतीत सुतारकाम संपेपर्यंत थांबणे निव्वळ बेजबाबदारपणाचे आहे.

प्रकाश आणि वीज

लेखन, वाचन आणि संगणकाच्या कामासाठी टेबलाच्या पृष्ठभागावर ५०० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असावा, असे युरोपीय मानक सांगते. स्क्रीन खिडकीशी काटकोनात ठेवल्यास झगमगाट बराच टळतो. खिडकीकडे तोंड किंवा पाठ करून मांडलेली टेबले फिरवली, तर पडद्यांचा वाद बहुतेक मिटतो. सॉकेटच्या जागा टेबलांचा लेआउट पक्का झाल्यावरच ठराव्यात, अन्यथा पायांत एक्स्टेंशनच्या तारा लोळू लागतात.

चालू कार्यालयातच काम काढणे

खर्च वाचवण्यासाठी कर्मचाऱ्यांना तेथेच ठेवून काम काढायचे असेल, तर एक मोकळा पट्टा राखून टप्प्याटप्प्याने विभाग हलवावेत, तोडफोड व ड्रिलिंगचे तास कार्यालयीन वेळेबाहेर ठरवावेत आणि धूळ वातानुकूलन यंत्रणेत जाऊ नये म्हणून हवा यंत्रणेकडे परत नेणाऱ्या जाळ्या झाकून ठेवाव्यात. जुन्या नकाशावर विसंबून मापे कधीही देऊ नयेत. जागेवर टेप लावूनच ती घ्यावीत.

डफी यांनीच सुचवलेला आणखी एक विचार खर्चाच्या निर्णयात कामी येतो. इमारतीचा सांगाडा सुमारे ५० वर्षे, यंत्रणा १५ वर्षे आणि अंतर्गत मांडणी ५ ते ७ वर्षे टिकते असे धरले, तर लवकर बदलणारी गोष्ट उशिरा बदलणाऱ्या गोष्टीत रुतवून बसवणे तोट्याचे ठरते. केबल भिंतीत गाडण्यापेक्षा ट्रेमधून न्याव्यात आणि कपाटे जागेवर ठोकण्यापेक्षा सुटी ठेवावीत.

शेवटचे देयक अदा करण्याआधी, लोक प्रत्यक्ष जागेवर बसून काम करू लागल्यानंतर, डिफ्यूझरमधील हवेचे प्रमाण पुन्हा जुळवून घ्यावे. रिकाम्या मजल्यावर केलेली जुळवणी माणसे आणि संगणक आले की बदलते. उन्हाळा आणि हिवाळा असे दोन्ही ऋतू दोषनिवारणाच्या, म्हणजे कंत्राटदाराने दोष दुरुस्त करून देण्याच्या, मुदतीत बसतील, अशी अट करारात आधीच घालून ठेवावी.