कळसूबाई : पळत चढायची किती, उतरायची कशी

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. बारी गावातून निघालं की त्यातला साधारण ९०० मीटर चढ आपल्या वाट्याला येतो, तोही फार थोड्या अंतरात. त्यामुळे रस्त्यावर १० किलोमीटर ५५ मिनिटांत पळणाऱ्यानेही 'किलोमीटरला किती मिनिटं' हा हिशेब पायथ्यालाच ठेवून द्यावा. इथे मोजायचा तो दर १०० मीटर उंचीला लागलेला वेळ. पहिल्या खेपेला १२ मिनिटं धरा, म्हणजे पावणेदोन तासांच्या आसपास माथा. १० मिनिटं जमली तर दीड तास. सरावलेली मंडळी याच्या कितीतरी आधी वर पोचतात. त्यांच्या मागे लागू नये.

घड्याळात बॅरोमीटर असेल तर निघण्यापूर्वी बारीत उंची जुळवून घ्या. हवेचा दाब बदलला की आकडा सरकतो आणि वर पोचायच्या आतच घड्याळ १६५० दाखवायला लागतं.

दिवस निवडायचे ते ऑक्टोबर ते फेब्रुवारीतले. पावसाळ्यात ही वाट चालायची आहे, पळायची नाही. कातळावर शेवाळ, वाटेतल्या लोखंडी शिड्यांवर पाणी, आणि धुक्यात चार पावलांपलीकडचं दिसत नाही. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठनंतर सोंडेवर सावली सापडत नाही. शनिवार-रविवारी आणखी एक घोळ होतो. सूर्योदयासाठी रात्री चढलेली गर्दी सात ते नऊच्या दरम्यान खाली येते आणि शिड्यांवर रांग लागते. नेमकं तेव्हाच तुम्ही वर जात असता. आठवड्यातला मधला दिवस घ्या. नवरात्रात तर पळण्याचा विचारच नको. ती वाट तेव्हा देवीला जाणाऱ्यांची.

तयारीला किमान आठ आठवडे हवेत. पुण्याकडच्यांना सिंहगड आहेच. आतकरवाडीकडून साधारण ६०० मीटर चढ मिळतो, आठवड्यातून एकदा तो पुरे. मुंबईत जिना शोधा. एक मजला तीन मीटर धरला तर २० मजली इमारत ६० मीटरची होते. ती १५ वेळा चढली की एक कळसूबाई झाली. सुरुवात चार फेऱ्यांपासून, दर आठवड्याला दोन वाढवा. पहिले दोन आठवडे खाली येताना लिफ्ट चालेल, पण पुढे जिन्यानेच उतरायचं. बहुतेकांची तयारी इथेच कच्ची राहते. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो, उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेकचं काम करतो. या कामाची त्याला सवय नसली की अर्ध्या उतारावर मांड्या लटपटतात, आणि लटपटत्या पायांनीच घोटा मुरगळतो.

बूट ट्रेलचेच घ्या, तळाच्या खुट्या चार-पाच मिलिमीटरच्या. त्याहून खोल खुट्या मातीत छान रुततात, पण कातळावर, सिमेंटच्या पायऱ्यांवर आणि लोखंडावर रबराचा थोडाच भाग टेकतो आणि पाय सटकतो. कळसूबाईवर माती, कातळ, सिमेंट, लोखंड सगळंच आहे. पुढे अंगठ्यापासून अर्धा इंच जागा हवी. नखं दोन दिवस आधी कापा. आदल्या रात्री कापली तर कोपरे हुळहुळे राहतात.

चढताना पळायचं किती? फार थोडं. शंभर मीटर अंतरात पंधरा मीटरहून जास्त चढ असेल तर सरळ चाला. अशा चढावर पळण्याचा आणि झपाझप चालण्याचा वेग जवळजवळ सारखाच असतो, दम मात्र पळण्यात जास्त जातो. तळहात गुडघ्याच्या जरा वर मांडीवर ठेवा आणि प्रत्येक पावलाला खाली दाबा. वाकायचं ते कमरेतून नाही, खुब्यातून. पाठीचा पोक काढला की श्वास कोंडतो. पावलं लहान, टाच शक्य तिथे टेकलेली. सतत चवड्यांवर चढलात तर माथ्याच्या आधीच पोटरीत गोळा येतो. पहिली २० मिनिटं एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. गावाबाहेरच्या शेतांच्या पट्ट्यात वाट सोपी असते, तिथेच लोक सगळा दम खर्चून बसतात.

शिड्यांवर पळायचं नाही, यावर चर्चा नको. काठ्या असतील तर त्या आधीच घडी करून पाठीला लावा. दोन्ही हात मोकळे, आणि पाय पायरीवर चवड्याच्या मागे, तळव्याच्या मध्यापर्यंत. एका वेळी हातापायांपैकी एकच हलवायचा. उतरताना तोंड शिडीकडे. तोंड दरीकडे करून उतरलं की टाच पायरीच्या कडेला घासते आणि पाठीवरची बॅग शिडीला अडकून माणसाला पुढे ढकलते. वर येणारे आजोबा-आजी, कडेवरचं मूल, परडी घेतलेली बाई, सगळ्यांना आधी जाऊ द्यायचं. घड्याळ चालू राहिलं तरी राहू दे.

माथ्यावर देवळापाशी पाच मिनिटं बसा आणि बुटाच्या नाड्या नव्याने बांधा. पुढे चवड्यापाशी थोड्या सैल. घोट्याजवळच्या शेवटच्या दोन भोकांतून नाडी त्याच बाजूला आत घालून छोटं कडं करा, समोरची नाडी त्या कड्यातून ओढा, मग गाठ. टाच जागेवर बसते आणि उतारावर बोटं पुढे आपटत नाहीत. काळी-निळी नखं दिसतात ती बहुतेक हे न केल्याने.

उताराला पहिली दहा मिनिटं चालतच जा. मग पळताना नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे. पायाशी बघणाऱ्याला पुढचा दगड उशिरा दिसतो आणि तो लांब ढांग टाकतो. गुडघे किंचित वाकलेले, पावलं लहान आणि भराभर, हात कोंबडीच्या पंखांसारखे बाहेर. दिसतं विचित्र, पण तोल तिथेच सावरतो. भीतीने अंग मागे जातं, वजन टाचेवर येतं आणि घसाऱ्यावर पाय पुढे निसटतो. मग माणूस बुडावर. म्हणून वजन नेहमी पायाच्या वर. सुट्या मुरमावर पाऊल सपाट पडू द्या, थोडं घसरेल, घसरू द्या. घसरतं पाऊल ब्रेक मारून थांबवायला गेलं की गुडघा पिळतो. पायऱ्या असतील तिथे एकेकच घ्या. नागमोडी वाट तोडून सरळ खाली जाऊ नका: तिथली माती सुटते, पुढच्या पावसात तिचाच ओहोळ होतो, आणि सुटलेला दगड खालच्या वळणावरच्या माणसाच्या डोक्यात जातो.

पाणी हिवाळ्यातही दीड लिटर, त्यातलं अर्धा लिटर ओआरएसचं. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्याच प्रमाणात. जास्त घट्ट केलं तर मळमळतं. पाऊण तासाने काहीतरी गोड खायला लागा, तासाला ३० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. जेल, खजूर, राजगिऱ्याची चिक्की, जे सरावात पचलं तेच. वाटेत लिंबू-सरबत, काकडी मिळते, पण ती दुकानं मधल्या वारी उघडी असतील असं धरून निघू नका. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ती मागत नाहीत, घेऊन जातात.

ऑक्टोबरच्या दुपारी ढग गडगडले आणि चमक दिसल्यापासून आवाज यायला ३० सेकंदांहून कमी लागले, तर माथा कितीही जवळ असो, मागे फिरा. वर सगळीकडे लोखंड आहे.

घोटा मुरगळला तर बूट काढू नका. सुजेमुळे परत चढत नाही. बुटावरूनच १० सेंटिमीटरची क्रेप पट्टी आठच्या आकड्यात गुंडाळा. त्या पायावर भार देऊन चार पावलं टाकता येत नसतील तर हाड तुटलेलं असू शकतं. चालायचं थांबवा आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका बारीपर्यंतच येईल, पुढचं माणसांनी उचलूनच. म्हणून एकटं जाऊ नये.

दुखण्याचं म्हणाल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सगळ्यात जास्त बोलतात, घरचा जिना उलटा उतरावासा वाटतो. चार-पाच दिवस फक्त चाला. पण या भीतीने निघताना आयबुप्रोफेन घेऊन ठेवणारे बरेच असतात. घामाने शरीर सुकलेलं असताना ती गोळी मूत्रपिंडावर ताण आणते, शिवाय घोट्याने दिलेली पहिली सूचनाही दाबून टाकते. घ्यायचीच वेळ आली तर घरी पोचून, भरपूर पाणी पोटात गेल्यावर, लघवीचा रंग फिकट झाल्यावर.